एलिएसेरची उंची

रेसकोर्सच्या मागे, पनामा शहर संपतं तिथे,
घोडेस्वार घडवायची एक शाळा आहे.
तिचं स्वयंपाकघर माझ्याकडे.
बावीस पोरं, आणि जेवण चिमणीएवढं.

एलिएसेर बेहेरानो आला डोंगरातून, बोकेतेकडून.
त्याची आई तिथे कॉफीची लाल फळं तोडते,
डब्याच्या मापानं पैसे घेते.
पिशवीत दोन शर्ट आणि तिनं भाजून दिलेली कॉफी.
चौदा वर्षांचा. माझ्या खांद्याला लागायचा,
आणि मी स्वतः केवढीशी!

पहिल्याच पहाटे विचारतो,
"मावशी, कॉफीनं वाढ खुंटते म्हणतात, खरं का?"
म्हटलं, माझी आई तसंच सांगायची,
म्हणून आम्हा बहिणींना कधी थेंब दिला नाही तिनं,
आणि आम्ही तिघी बुटक्याच राहिलो.
हे शेवटचं त्यानं ऐकलंच नाही.
आजारी माणूस औषधाच्या बाटलीकडे बघतो
तसा तो किटलीकडे बघत होता.

बाकी जगात आया म्हणतात, मोठा हो.
इथली पोरं रात्री उलटं मागणं मागतात:
देवा, आहे एवढंच राहू दे.
काटा एकावन्नच्या पुढे सरकला
की घोडा दुसऱ्याला जातो.

मग सुरू झालं.
चारला एक कप, तबेला झाडून आल्यावर एक,
दुपारी जेवणाऐवजी,
रात्री सगळे निजल्यावर आणखी एक.
बिनसाखरेची, काळीकुट्ट.
मीच ओतत होते. हेही लिहून ठेवते.

दाराच्या चौकटीवर मी कोळशानं खुणा करायचे.
महिन्यात बोटभर. पुढच्या महिन्यात बोटभर.
तो थुंकी लावून पुसून टाकायचा
आणि माझ्याकडे असा बघायचा
जशी खूण मीच वर सरकवली.

डोळ्यांखाली काजळी धरली.
गणिताच्या तासाला डोकं बाकावर.
छातीत टापा वाजतात म्हणाला,
आणि हसला, जणू ती चांगलीच गोष्ट.
कानेला नावाची घोडी होती, दालचिनीच्या रंगाची,
तिला बोटांतली थरथर लगामातून कळली.
एका सकाळी तिनं त्याला वाळूत ठेवून दिलं,
फेकलं नाही हं, ठेवलं.

डॉक्टर इत्सेल आल्या, नाडी धरून बसल्या.
"पोरा, कॉफीचं ऐकून हाड थांबत नाही.
तुझी झोप मात्र थांबलीय."
तो भिंतीकडे बघत राहिला.
इतके कडू घोट, आणि सगळे फुकट.

त्या रात्री मी मका भाजला, काळा होईस्तोवर,
कुटला, उकळला, त्याच्या कपात ओतला.
रंग तोच. वाफ तीच.
पण कॉफीच्या मळ्यातलं पोर ते,
पहिल्या घोटालाच ओळखलं असणार.
थांबला. कपात बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं.
सगळी संपवली,
कप विसळून पालथा घातला,
आणि घंटा झाली तरी उठला नाही.

नंतर मात्र ताडमाड वाढला,
जणू अडवून धरलेलं पाणी सुटलं.
म्हणजे अडलं होतं का काही?
डॉक्टर म्हणतात नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.
जूनमध्ये छप्पन्न किलो. घोडा गेला.

आता तो शर्यत संपल्यावर घोडे फिरवून निववतो.
कानेला त्याच्या खांद्यावर मान टाकते,
खांदा आता तिला पोचतो.
सकाळी एक कप घेतो माझ्याकडे, अर्धं दूध घालून,
आणि डब्यातल्या शिळ्या पावाला नावं ठेवतो.

चौकटीवरची शेवटची खूण त्यानं स्वतः केली.
मागच्या आठवड्यात भिंतींना चुना लावायला निघाले,
ती तेवढी राहिली.
माझा हात पोचत नाही.